जामिनाची तयारी, आणि जामीनदाराच्या घरी सांगितलंत का?

घरातल्या कुणाला अटक झाली की पहिली पळापळ पैशांसाठी होते. कुणी बांगड्या गहाण ठेवायला निघतं, कुणी भिशी उचलतं, कुणी गावच्या पतपेढीत फोन लावतं. जरा थांबा. ‘पंचवीस हजारांचा जामीन’ म्हणजे पंचवीस हजार भरायचे असं नाही. तेवढ्या रकमेची हमी एका माणसाने कोर्टात लिहून द्यायची असते. आरोपी तारखांना हजर राहिला तर त्या हमीपोटी कुणाच्या खिशातून रुपयाही जात नाही. साधारण दहा टक्के फी घेऊन बाकीची हमी स्वतः उचलणारा दुकानदार अमेरिकेत असतो, आपल्याकडे तो धंदाच नाही. म्हणजे गोळा करायचा आहे तो पैसा नव्हे, कागदपत्रं असलेला एक माणूस. आणि त्या माणसाचं घर. हे ‘घर’ मागच्या वेळी आमच्या यादीत नव्हतं, म्हणून यंदा ते मी पुन्हा पुन्हा लिहिणार आहे. वाचून कंटाळा आला तरी चालेल.

आधी कोर्ट कुठलं ते नक्की करा. ‘ठाणे पोलिसांनी नेलं’ म्हणजे ठाण्याचं कोर्ट, असं डोक्यात धरून कोर्ट नाक्यावर जाऊन बसू नका. ठाणे पोलीस आयुक्तालय भिवंडी, कल्याण, उल्हासनगर, बदलापूरपर्यंत पसरलंय. नवी मुंबईत आणखी गंमत: वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. आयुक्तालय एकच, कोर्टं वेगळी. त्यामुळे पोलीस ठाण्यात ड्युटीवर असलेल्या ठाणे अंमलदाराला तीन गोष्टी विचारा: गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, आणि कुठल्या कोर्टात हजर करणार. अटकेची कारणं लेखी मागा, तो हक्क आहे. अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. रविवार असला तरी सुट्टीचं कोर्ट असतं.

कलमं जामीनपात्र असतील तर जामीन पोलीस ठाण्यातच मिळतो, आणि तो उपकार नाही, हक्क आहे. अशा गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर माणूस गरीब आहे असं धरून त्याला नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याने स्वतःच लिहून दिलेल्या हमीवर, सोडायचं, असं कायद्यातच लिहिलंय. अजामीनपात्र असेल तर आधी पीसी (पोलीस कोठडी) की एमसी (न्यायालयीन कोठडी) ते बघा. पोलीस कोठडी चालू असताना जामीन मिळणं कठीण; न्यायालयीन कोठडी झाली की वकील अर्ज टाकतात. मॅजिस्ट्रेटने नाकारला तर सेशन्स, मग हायकोर्ट. ही वाट वकिलाची, त्यात लुडबुड करू नका. तुमचं काम वकालतनाम्यावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर, आत असलेल्या माणसाची सही मिळवण्याचं. एमसीत असेल तर ती जेलमार्फतच होते, आणि त्याला वेळ लागतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा क्रमांक आहे. लाजू नका.

एक तारीख मात्र स्वतः कॅलेंडरवर लिहून ठेवा. कोठडीचा पहिला आदेश झाला तो दिवस धरून, दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या नाहीतर फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवस आणि बाकी गुन्ह्यांत ६० दिवस भरले आणि चार्जशीट आलं नाही, तर जामीन हक्काने मिळतो. मोजणी अटकेच्या दिवसापासून नाही. आणि अर्ज चार्जशीट येण्याआधी करावा लागतो. मागाहून डोकं आपटून उपयोग नाही.

आता खरं काम. अर्ज मंजूर होईल तेव्हा जामीनदार शोधू, असं म्हणणारं घर शुक्रवारी दुपारी अडकतं. अर्ज टाकला त्या दिवशीच जामीनदार तयार हवा. एक नव्हे, दोन. आदेशात साधारण ‘अमुक रकमेचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचे एक किंवा दोन जामीनदार’ असं असतं. ऐपत पुरत असेल तर एक चालतो, दुसरा राखीव. जामीनदाराचं वकीलपत्र वगैरे काही लागत नाही, तो स्वतः लागतो. ‘कागद पाठवतो, तुम्ही बघून घ्या’ म्हणणारा मावसभाऊ कामाचा नाही.

त्याचे कागद: आधार, पॅन, रेशनकार्ड, लाइट बिल, फोटो. नोकरदार असेल तर तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा आणि ऑफिसचं आयकार्ड. घर स्वतःचं असेल तर इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. गावी जमीन असेल तर ताजा सातबारा. सगळं मूळ, सोबत झेरॉक्सचे दोन संच. झेरॉक्सवर भागवू म्हणाल तर परत पाठवतील. नावं जुळवून बघा, आणि हे घरी दिव्याखाली बसून बघा, कोर्टाच्या जिन्यात नाही. आधारवर ‘दत्तात्रय’, स्लिपेवर ‘दत्ता’, रेशनकार्डावर वडिलांचं नाव आणि पत्ता पाटणचा, राहतो मात्र कळव्यात भाड्याने: असा माणूस कितीही चांगला असो, पहिला जामीनदार म्हणून त्याला नेऊ नका. कागद हातात आले की लगेच विचारा, आधी कुणासाठी जामीन राहिलायत का? ते कोर्टात लिहून द्यावं लागतं. लपवलं आणि उघड झालं तर तुमच्या माणसाचा जामीन धोक्यात येतो आणि जामीनदाराच्या गळ्याशी नवीन प्रकरण येतं.

आणि आता तेच. जामीनदाराच्या घरी सांगितलंत का? त्याला नव्हे, त्याच्या घरी. त्याच्या बायकोला, म्हाताऱ्या वडिलांना, कमावत्या मुलाला. कारण जामीनदाराने दिलेले कागद बरोबर आहेत का हे कोर्ट चौकशी करून बघू शकतं, आणि ती चौकशी बहुतेक वेळा पोलिसांमार्फत होते. म्हणजे एक शिपाई त्याच्या दाराशी येतो. सकाळी दहाला, जेव्हा तो लोकलमध्ये लटकलेला असतो. दार वहिनी उघडतात. वहिनींना काहीच माहीत नसतं. पोलीस नवऱ्याचं नाव घेऊन विचारतोय, सहीचं काहीतरी बोलतोय, समोरच्या ब्लॉकचा दरवाजा किलकिला झालाय. वहिनी म्हणतात, ‘नाही हो, आमचा काही संबंध नाही.’ शिपाई तसंच लिहून नेतो. संध्याकाळी नवरा घरी येतो तेव्हा घरात जे होतं ते होतं, आणि रात्री तुम्हाला फोन येतो की माफ करा, मला नाही जमणार. आमच्याकडे शब्दशः हेच झालं. त्या वहिनींचा मला आजही राग येत नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

म्हणून जामीनदाराच्या घरी स्वतः जा. फोनवर नको. पेढे वगैरे नेऊ नका, ते विचित्र दिसतं. सगळ्यांसमोर बसून सांगा: काय गुन्हा लागलाय, रक्कम किती, आमचा माणूस तारखांना हजर राहिला नाही तरच ती तुमच्याकडे मागतील, आणि तपासाला पोलीस येतील तर घाबरू नका, एवढं एवढं सांगा. गुन्ह्याचं स्वरूप लपवू नका. ‘किरकोळ भांडण’ म्हणून सही घेतलीत आणि शिपायाने दारात ३०७ची, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाच्या जुन्या कलमाची, नवी आवृत्ती सांगितली, तर संपलं. सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनलाही कानावर घाला, तेही जामीनदाराला विचारूनच. ‘असं कुणी इथे राहत नाही’ हे वाक्य वॉचमन फार सहज बोलतो. आणि ऑफिस! पगाराच्या कागदांची खात्री करायला फोन ऑफिसात गेला आणि एचआरने ‘आम्ही माहिती देत नाही’ म्हणून ठेवून दिला, की घरच्या वहिनींसारखंच तिथेही. आधी सांगून ठेवायला लावा.

याच कारणाने माझं मत असं झालंय की सगळ्यात चांगला जामीनदार म्हणजे स्वतःच्या घरात राहणारे निवृत्त काका. पेन्शनचं पासबुक आहे, करपावती आहे, दिवसभर घरी आहेत, पोलीस आला तर चहा विचारतील. रजेचा प्रश्न नाही. तरीसुद्धा काकूंना आधी सांगा. काका मुद्दाम सांगत नाहीत असं नाही, पण काका सांगत नाहीत.

सगळे नातेवाईक गावचे असतील तर कोर्टात ‘स्थानिक जामीनदार आणा’ असं ऐकायला मिळू शकतं. १९७८ साली मोतीराम खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी याच गोष्टीवर कडक लिहिलं: जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारायचा नाही. तो आरोपी गवंडी होता, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाचा जामीन नाकारला होता. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलं की स्थानिक जामीनदाराची अट सुटका लांबण्याचं एक कारण आहे, ती घालू नये. वकिलाला याची आठवण करून द्या. पण भांडण जिंकण्यात चार दिवस जातात, म्हणून एक स्थानिक जामीनदार हाताशी ठेवाच. आदेशात तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला मागितला असेल तर तो एका दिवसात येत नाही. तोवर रोख जामिनावर सोडा आणि जामीनदारासाठी काही आठवडे द्या, असा अर्ज वकील करू शकतात. इथे मात्र खरोखर पैसे भरावे लागतात. ती मुदत विसरू नका, माणूस घरी आला की सगळे विसरतात. रक्कमच झेपत नसेल तर कमी करून मागता येते. गरीब कच्च्या कैद्यांसाठी केंद्राची योजना आहे, त्यात जामिनासाठी मदत मिळू शकते, काही गंभीर कायद्यांखालचे गुन्हे सोडून. चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करा.

कोर्टाबाहेर भेटणारा तो भला माणूस. ‘जामीनदार रेडी आहे, फक्त एवढे द्या.’ त्याच्याकडचं रेशनकार्ड खोटं, स्लिप खोटी, कधी कधी माणूसही दुसऱ्याच्या नावाचा. पकडला जातो तेव्हा जामीन रद्द होतोच, शिवाय बनावट कागदांच्या गुन्ह्यात घरच्यांची नावं येतात. एक जण आत असताना दुसऱ्याला पाठवायचं का? पुढे चला.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असं नाही. आदेशाची नक्कल, मग जामीनदार हजर, कागद तपासणी, बाँडवर सह्या, मग सुटकेचा कागद जेलला. अकराला कोर्ट बसायच्या आधी जामीनदाराला घेऊन तिथे हजर राहा, रजा पूर्ण दिवसाची घ्यायला सांगा. आदेशातलं नाव आणि जेलच्या रजिस्टरमधलं नाव एकच आहे ना बघा, वडिलांच्या नावासकट. जेल कुठलं, ठाणे, तळोजा की आधारवाडी, हेही नीट बघा. कागद जेलच्या ठरलेल्या वेळेत पोचला नाही तर सुटका दुसऱ्या दिवशी. २०२१ मध्ये शाहरुख खानच्या मुलाला २८ ऑक्टोबरला जामीन मिळाला, कागद वेळेत आर्थर रोडला पोचले नाहीत आणि तो ३० तारखेला बाहेर आला. त्यांचं असं, तर आपलं काय. आता आदेश जेलला ई-मेलने पाठवावा असंही सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, तरी चौकशी करत राहा. दुसऱ्या कुठल्या केसमध्ये तो ‘पाहिजे’ नाही ना, हे वकिलाला आधीच विचारा.

सुटल्यावर. अटी वाचा, मोठ्याने, त्याच्यासमोर. पोलीस ठाण्यात हजेरी असेल तर वार आणि वेळ, पासपोर्ट, जिल्हा सोडायचा नाही, साक्षीदाराला फोन नाही, मेसेज नाही, मित्राकरवी निरोपही नाही. तारखा ई-कोर्ट्स अ‍ॅपवर दिसतात, सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) जपून ठेवा. तारीख चुकली तर वॉरंट निघतं, बाँड जप्त होतो आणि नोटीस जाते जामीनदाराच्या पत्त्यावर. ती कोण उघडतं ते तुम्हाला आता माहीत आहे. म्हणून प्रत्येक तारखेनंतर त्यांच्या घरी एक फोन: हजर होता, पुढची अमुक. जामीनदाराला मध्येच नको झालं तर तो अर्ज करून मोकळा होऊ शकतो, आणि मग दुसरा आणावा लागतो, नाहीतर पुन्हा आत.

बाकी पत्ता बदलला तर कळवा, फोन बदलला तर कळवा. जामीनदाराने घर बदललं तरी. रोख भरली असेल तर ती पावती ज्याच्या नावावर आहे त्यालाच खटला संपल्यावर अर्ज करून पैसे परत मिळतात. म्हणून भरतानाच नाव विचार करून घाला आणि मूळ पावती कपाटात ठेवा, वकिलाच्या फायलीत नाही.