घर मोकळे करताना होणाऱ्या चुका: आधी ओल पाहा, मग अडगळ

घटस्थापना आठवड्यावर आली, की बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांत घरोघरी दसऱ्याची धुणी निघतात. गच्चीवर, कठड्यावर, मिळेल त्या दोरीवर वाकळा वाळत पडतात, माळ्यावरची पितळी भांडी चिंचेने घासून निघतात आणि कपाटे ओढून त्यांच्या मागची जळमटे काढली जातात. दोन-तीन दिवस घर जणू बाहेर येऊन बसते आणि चौथ्या दिवशी प्रत्येक वस्तू होती त्याच जागी परत जाते. घर स्वच्छ होते, पण मोकळे होत नाही. पुढच्या आषाढात कपाट उघडताच तोच कुबट वास येतो.

धुणे आणि निवडणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे लक्षात न घेणे ही पहिली चूक. धुण्याच्या घाईत कोणतीही वस्तू हातात धरून ‘ही हवी का?’ असा विचार करायला कोणालाच सवड नसते. शिवाय त्या वेळी पावसाळा नुकताच सरत आलेला असतो आणि भिंती वर्षभरातल्या सर्वांत ओल्या अवस्थेत असतात. धुणी दसऱ्यालाच काढावीत, त्याबद्दल वाद नाही. पण काय ठेवायचे आणि काय काढायचे याचा निर्णय माघ-फाल्गुनात, म्हणजे हवा कोरडी असताना आणि वळीव सुरू होण्याआधी घेतलेला बरा. त्यातही एका रविवारी एकच कपाट किंवा एकच कोनाडा पुरे.

ओलीचे कारण न शोधता सामान हलवणे

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. जून ते सप्टेंबर असे चार महिने येथे पाऊस आणि ढगाळ, दमट हवा असते. खानापूरच्या पलीकडे जांबोटी, कणकुंबीकडे तर पाऊस कित्येक पटींनी जास्त पडतो. अशा प्रदेशात अडगळ म्हणजे केवळ डोळ्यांना खुपणारी गर्दी नसते, तर ती ओल धरून ठेवणारी वस्तू असते. भिंतीला चिकटवून रचलेल्या गाद्या, खोके आणि जुनी पुस्तके यांच्यामागे हवा फिरत नाही, आणि जेथे हवा फिरत नाही तेथे बुरशी, कसर आणि वाळवी येते. म्हणून काय टाकायचे, या प्रश्नाच्याही आधी पाणी येते कोठून, हा प्रश्न विचारला पाहिजे.

त्याची एक सोपी परीक्षा आहे. भिंतीचा थोडा भाग कोरडा पुसून त्यावर स्वयंपाकघरातील फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. फॉइलच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाणी दिसले, तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला दव धरले असेल, तर ती खोलीतल्या हवेतली आहे. पायातून चढणारी ओल साधारणपणे जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत पट्ट्यासारखी दिसते, सरकलेल्या कौलातून आलेली ओल वरून खाली ओघळते आणि उन्हाळ्यातही न वाळणारा डाग बहुधा नळाच्या गळतीचा असतो. हवेतल्या ओलीचा उपाय मात्र आपल्याच हातात असतो: पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून खोलीत वाळत घातलेल्या एका वेळच्या धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी हवेत मिसळते, आणि ते शेवटी कपाटामागच्या थंड भिंतीवर जाऊन बसते. कपडे पडवीत किंवा मागच्या दाराशी वाळवले आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढले, तरी बराच फरक पडतो.

याच ओघात जुन्या घरांतील एका चुकीविषयी लिहिणे आवश्यक आहे. दगड-मातीच्या भिंतीला खालून तीन-चार फुटांपर्यंत ऑइल पेंटचा पट्टा देण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे, कारण तो पुसायला सोपा असतो. परंतु चुन्याच्या गिलाव्याची भिंत आतले पाणी पृष्ठभागातून सोडत असते. तो मार्ग बंद झाला, की ओल पट्ट्याच्या वर चढते आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. अशा भिंतीला चुन्याची सफेदीच योग्य. बुरशीवर थेट रंग मारणेही तितकेच व्यर्थ आहे. ती कोरड्या ब्रशने खरवडू नये, कारण तिचे कण घरभर उडतात. नाकावर कापड बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी, भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंगाचा विचार करावा.

वाऱ्याच्या वाटेत कपाट ठेवणे

गावठाणातील आणि जुन्या पेठांतील आपली घरे रुंदीला कमी, लांबीला जास्त आणि दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींना जोडलेली असतात. पुढे सोपा म्हणजे ओसरी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसू असलेल्या अशा घरात वारा येण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. नेमक्या याच वाटेत शिलाई मशीन, तांदळाची पोती, न वापरता पडलेली सायकल आणि पाहुण्यांनी आणलेल्या वस्तूंची खोकी येऊन थांबतात, आणि मग माजघर दिवसाढवळ्या दिवा लावल्याशिवाय वापरता येत नाही. घर आरामशीर करायचे, तर सोफा बदलण्याआधी ही वाट मोकळी करावी. तीन फुटांची सरळ वाट राहिली, की म्हाताऱ्या माणसांना रात्री उठून मागे जाणेही सोपे होते.

कौलारू छतात एक-दोन काचेची कौले बसवलेली असतात, त्यांचा तर बहुतेकांना विसरच पडतो. आमच्या माजघरातील काच धुरामुळे आणि धुळीमुळे इतकी काळी पडली होती, की ती कौलांसारखीच दिसत असे. ती उतरवून सोड्याच्या पाण्याने धुतली, तेव्हा दुपारी बाराच्या सुमारास उन्हाचा एक चौकोन थेट जात्याशेजारी पडू लागला, आणि त्या खोलीत नवी ट्यूब लावण्याचा बेत आम्ही सोडून दिला.

आधी डबे विकत घेणे

आवराआवरीचा उत्साह आला, की लोक प्रथम प्लॅस्टिकचे मोठे डबे घेऊन येतात. मग नको असलेल्या वस्तूही झाकणाखाली नीट रचून ठेवल्या जातात, म्हणजे अडगळीला घर मिळते. पूर्ण न वाळलेले कपडे हवाबंद डब्यात घातले, तर ते उघड्यावरच्या कपड्यांपेक्षा लवकर खराब होतात. बॉक्सच्या पलंगाचेही तसेच आहे. त्याच्या मागच्या फळीला हवेसाठी भोके असावीत. डांबरगोळ्या टाकल्याने कुबट वास झाकला जातो, ओल जात नाही. आणि तान्ह्या बाळाची दुपटी तर त्या गोळ्यांत ठेवूच नयेत.

यात्रेसाठी वर्षानुवर्षे सांभाळलेला संसार

गावची लक्ष्मी यात्रा काही वर्षांच्या अंतराने येते, पण तिच्यासाठी ठेवलेली पातेली, पराती आणि वीस-पंचवीस वाकळा रोज जागा अडवतात. येथे मी कठोर होणार नाही. आजीच्या नेसूच्या साड्यांची वाकळ ही केवळ अंथरूण नसते आणि ती भांडेवालीला देऊन स्टीलचे पातेले घेणारा माणूस पुढे पस्तावतो. तरी मोजणी करावी. घरातल्या माणसांना पुरतील तेवढ्या आणि वर चार पाहुण्यांच्या अशा वाकळा खाली ठेवाव्यात, आठवणीची एखादी वेगळी जपावी आणि बाकीच्या उसवून, फाटका भाग काढून द्यावा. मोठी भांडी भाऊबंदांनी मिळून एकाच घरी ठेवली, तर प्रत्येक माळ्यावर तोच संच पडून राहत नाही. दुसऱ्याच्या वस्तूचा निर्णय मात्र त्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. सासूबाई गावाला गेल्या असताना त्यांची ट्रंक उघडणाऱ्या घरात पुढची दोन वर्षे आवराआवर हा शब्दही काढता येत नाही.

कागद रद्दीत घालणे

सीमाभागात ही चूक सर्वांत महाग पडते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यामुळे अनेक घरांतील जुने कागद मराठीत, काही मोडीत, तर नंतरचे कन्नडमध्ये आहेत. आजोबांना कन्नड कागद वाचता येत नसे, नातवाला मोडी वाचता येत नाही, आणि ज्याला जे वाचता येत नाही ते त्याला रद्दी वाटते.

सांगायला संकोच वाटतो, पण मी स्वतः हे केले आहे. आजोबांच्या ट्रंकेतील पिवळ्या पडलेल्या कागदांची गठडी वर्तमानपत्रांबरोबर तराजूत घातली. काही वर्षांनी शेताच्या वारसा नोंदीची वेळ आली, तेव्हा कळले की त्यात १९५० च्या दशकातले खरेदीखत होते. नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल सब रजिस्ट्रार कार्यालयातून मिळते, तशी ती मिळालीही. परंतु दस्ताचा क्रमांक आणि नेमके वर्ष ठाऊक नसल्याने जुन्या सूची पाहण्यात बऱ्याच खेपा झाल्या. मूळ कागदावरची आजोबांची मोडीतली सही मात्र गेली ती गेलीच.

तेव्हापासून एक पद्धत पाळतो. हेस्कॉमची (वीज कंपनीची) बिले वर्षभर ठेवून काढून टाकतो. खरेदीखत, वाटणीपत्र, पहाणी म्हणजे शेताचा उतारा, घराचा उतारा, जन्म-मृत्यूचे दाखले आणि शाळेचे दाखले कधीच टाकत नाही. प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात असतो आणि पाकिटावर तो कशाचा आहे हे पेन्सिलीने एका ओळीत मराठीत लिहिलेले असते. टाचण्या गंजून कागद खातात, म्हणून त्या काढाव्यात. जुना कागद लॅमिनेट करू नये, कारण नंतर तो सोडवता येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात जिल्ह्यातील अनेक घरांत पाणी शिरले होते, हे लक्षात ठेवून अशा कागदांची पेटी जमिनीवर न ठेवता कमरेच्या वर, आतल्या कोरड्या भिंतीकडे ठेवावी.

सगळे करूनही वास येत असेल तर

कपाट रिकामे करून दारे दिवसभर उघडी ठेवावीत आणि आतल्या मागच्या फळीला हात लावून पाहावे. फळी थंड व ओलसर लागली, तर दोष कपाटात नसून मागच्या भिंतीत आहे. भुशाच्या दाबलेल्या फळीचे कपाट एकदा फुगले, की ते पूर्ववत होत नाही. ते टाकावेच लागते. फळीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर ती वाळवी आहे. नळ्या मोडून टाकण्यापूर्वी त्या जमिनीत कोठून निघतात हे पाहून तेथे औषध करावे. फळी कोरडी असेल आणि तरीही वास येत असेल, तर तो कपड्यांतला असतो. अशा वेळी सर्वांत तळातील घडी, जी बहुधा कोणाच्या तरी लग्नातील आणि कधीच न वापरलेली असते, ती प्रथम उन्हात घालावी.