व्यसनमुक्ती गट चालवणाऱ्यांना स्वतंत्र संशोधक कसं बनवायचं

जी माणसं स्वतः व्यसनातून बाहेर पडलीत आणि आता दहा-वीस जणांचा गट सांभाळतात त्यांच्या वाट्याला रिसर्चमध्ये बहुतेक वेळा दोनच कामं येतात, फॉर्म भरून घ्या आणि माणसं जमवून द्या. प्रश्न दुसऱ्याने ठरवलेला, निष्कर्ष दुसऱ्याने लिहिलेला आणि यांचं नाव शेवटी आभाराच्या ओळीत. मला हे अजिबात पटत नाही. तुम्ही कुणाचे मेंटॉर होणार असाल तर पहिल्याच दिवशी एक ठरवून टाका, प्रश्न त्यांचाच असेल, तुम्हाला तो कितीही साधा वाटला तरी.

सुरुवातीच्या दोन-तीन भेटीत पद्धती-बिद्धती काही शिकवू नका. फक्त विचारा की गटात कुठली गोष्ट राहून राहून खटकते. एक ताई मला म्हणाल्या, "सेंटरमधून बाहेर पडल्यावर पहिल्या आठवड्यात जो आपणहून फोन करतो ना, तो टिकतो, मी बघितलंय." मी म्हटलं हजेरीची वही आणा. रेघांची जाड वही, दर महिन्याला नवीन पान, आणि जो यायचा बंद झाला त्याच्या नावावर आडवी रेघ, पुढच्या महिन्यात ते नाव लिहिलेलंच नाही. म्हणजे ताईंच्या डोळ्यासमोर कायम टिकलेलीच माणसं, गेलेली वहीतूनही गेलेली! मग आम्ही मागची पानं उलटत रेघ मारलेली सगळी नावं एका कागदावर काढली आणि त्यातल्या किती जणांनी फोन केला होता ते आठवत बसलो, तर बऱ्याच जणांनी केला होता. ताई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी फक्त अर्ध्यांनाच बघत होते." सॅम्पल म्हणजे काय हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं, सर्व्हायव्हरशिप बायस (फक्त टिकलेलेच दिसल्यामुळे होणारी चूक) हा शब्द मी त्यानंतर सांगितला. शब्द नेहमी नंतरच सांगा.

यानंतर प्रश्न नीट मांडायला बसा: कोणाबद्दल, काय बघायचं, कशाशी तुलना, किती दिवसांनी मोजायचं. एका वाक्यात बसला नाही तर तो अजून मोठा आहे, कापा.

मोजायचं कशाने हे पण त्यांनाच निवडू द्या पण पर्याय समोर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची प्रश्नावली आहे, १० प्रश्न, एकूण ४० गुण, ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं साधारण धरतात. ती चांगलीच आहे, पण त्यातले बरेचसे प्रश्न पिण्याभोवती फिरतात, म्हणून तीन वर्षं न प्यायलेल्या माणसाचं आयुष्य कसं सावरलं ते त्यात दिसत नाही. त्यासाठी रिकव्हरी कॅपिटल ही कल्पना बघा, ग्रॅनफील्ड आणि क्लाउड या दोघांनी १९९९ मध्ये मांडलेली, म्हणजे घर, काम, नाती, तब्येत असं जे जे माणसाला सावरून धरतं ते सगळं. गट चालवणाऱ्यांना ही लगेच पटते कारण ते रोज तेच बघत असतात.

आता सगळ्यात नाजूक भाग, आणि इथे घाई करूच नका. ज्या दादांनी एखाद्याला रात्री दोन वाजता फोनवर सावरलंय त्यांनीच त्याला "अभ्यासात भाग घेशील का" विचारलं तर तो नाही कसा म्हणेल? म्हणून स्वतःच्या गटातल्या लोकांची संमती दुसऱ्या कुणीतरी घ्यायची, नाही म्हटलं तरी गटात काही फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगायचं, आणि दादांना शक्यतो कळूच द्यायचं नाही कोण नाही म्हणालं. दुसरं म्हणजे मीटिंगमधलं शेअरिंग हा डेटा नाही. तिथे माणूस विश्वासाने बोलतो, ते वहीत टिपून घेतलं तर गट मोडेल. मुलाखत वेगळी, वेगळ्या वेळी, नैतिक समितीची (अभ्यासात माणसांना इजा होणार नाही ना हे तपासणारी समिती) मंजुरी आधी. अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्या, तुम्ही फक्त वाचा.

मुलाखतीचा सराव एकमेकांवर करा आणि रेकॉर्डिंग सोबत बसून ऐका. धीर देणं, सल्ला देणं हे त्यांच्या अंगात इतकं भिनलेलं असतं की समोरचा रडवेला झाला की लगेच "अरे होईल सगळं ठीक" येतं आणि सांगणाऱ्याचं वाक्य तिथेच तुटतं. अशा प्रत्येक जागी पेन्सिलने खूण करायला सांगा, दोन-तीन सराव मुलाखतींत खुणा कमी होताना त्यांनाच दिसतात. आणि खरंच कुणाला त्रास झाला तर मुलाखत थांबवायची, तिथे अभ्यास दुय्यम.

कोडिंगला, म्हणजे मुलाखतीतल्या वाक्यांना विषयांची लेबलं लावायला, सॉफ्टवेअर लागतंच असं नाही, प्रिंटआउट आणि रंगीत पेनं चालतात. दोघांनी वेगवेगळं कोड करा आणि जिथे कोड जुळत नाहीत तिथे भांडा (प्रेमाने), शिकणं तिथेच होतं.

एक गोष्ट लोक बोलायला कचरतात. दिवसभर दुसऱ्यांच्या स्लिपच्या (व्यसन सुटल्यावर परत पाय घसरण्याच्या) गोष्टी ऐकून यांची स्वतःची तलफ जागी होऊ शकते. त्यामुळे सुरुवातीलाच दोघांनी बसून ठरवा, त्रास वाटला तर कुणाला फोन, काम किती दिवस थांबवायचं, परत कसं यायचं. स्लिप झाली म्हणून प्रोजेक्ट काढून घेणार नाही हे तोंडाने सांगा आणि पाळा.

पैसे आणि नाव, थोडक्यात: वेळेचं मानधन बजेटमध्ये पहिल्यापासून लिहा. वैद्यकीय जर्नल्समध्ये लेखक म्हणून नाव लागायला चार अटी असतात, खरं योगदान, लिहिण्यात किंवा तपासण्यात वाटा, शेवटच्या मसुद्याला संमती आणि जबाबदारी घेणं, त्या पूर्ण होतील असंच काम सुरुवातीपासून वाटून घ्या. स्वतःचं व्यसन होतं हे लेखात उघड करायचं की नाही हा निर्णय मात्र फक्त त्यांचा.

पहिल्या अभ्यासात तुम्ही शेजारी बसा, दुसऱ्यात महिन्यातून एकदा भेटा, तिसऱ्याचा अर्ज त्यांनी स्वतःच्या नावाने करावा. आमच्या त्या ताईंनी दुसऱ्या अभ्यासासाठी नवीन वही केली, त्यात यायचं बंद झालेल्यांसाठी वेगळा रकाना आहे, शेवटची भेट कधी, कुणी विचारपूस केली, काय म्हणाले. तो रकाना मी सुचवलेला नाही.