एजन्सीच्या पोस्टवर प्रबंध करताय? आधी अवतरणचिन्हं बघा

‘निवडणूक आणि सोशल मीडिया’ हा विषय घेणाऱ्यांची पत्रकारिता विभागात दरवर्षी रांग असते. त्यातले थोडे पीटीआय किंवा एएनआय या वृत्तसंस्थांच्या, म्हणजे एजन्सीच्या, हँडलकडे वळतात. विषय उत्तम आहे, बिनधास्त घ्या. पूर्वी एजन्सीचा धंदा घाऊक होता. माल पेपरांना आणि चॅनेलांना जायचा, वाचकाला दिसायचं ते फक्त ‘पीटीआय’ एवढं श्रेय. आता तीच एजन्सी एक्सवर थेट आपल्या पुढ्यात येते.

चौकट म्हणजे बातमी कुठल्या बाजूने दाखवली ते. त्यावरची एंटमनची 1993 ची मांडणी, सेमेट्को-वाल्केनबर्गच्या पाच चौकटी (संघर्ष, माणसाची गोष्ट, जबाबदारी वगैरे) हे सगळं तुमचं झालेलं असणार. ते सोडून देतो.

खड्डा पुढे आहे. एजन्सी स्वतःच्या तोंडाने फारसं बोलतच नाही. ‘वॉच’ किंवा ‘व्हिडिओ’ अशी पाटी, शहराचं नाव, नेत्याचं पद आणि पुढे अवतरणचिन्हांत त्याचं वाक्य. नेता विरोधकावर तुटून पडलेला असतो, आपण कोडिंग शीटमध्ये, म्हणजे पोस्टमागे चौकट नोंदवायच्या तक्त्यात, ‘संघर्ष’ टाकून मोकळे. टक्केवारी झकास येते. पण मोजलं काय? नेत्यांची तोंडं. ‘यात एजन्सीची चौकट कुठली?’ हा प्रश्न मला विचारला गेला तेव्हा शीट भरून झाली होती.

20 मे 2024 घ्या. लोकसभेचा पाचवा टप्पा, मुंबईच्या सहाही जागांचं मतदान. दिवसभर संथ मतदानाच्या तक्रारी चालू होत्या. उद्धव ठाकरेंनी पत्रकार परिषद घेऊन मुद्दाम उशीर होतोय म्हणून आरोप केला. संथ मतदानाची तक्रार फडणवीसांचीही होती. त्याच दिवशी शाई लावलेलं बोट दाखवणारे सिनेतारे. आता एकाच रांगेचं काय काय होतं बघा. उन्हात ताटकळलेल्या आजींपुढे माईक धरला तर ती माणसाची गोष्ट. आयोगाच्या अधिकाऱ्यापुढे धरला तर जबाबदारीचा प्रश्न. ठाकरेंची बाइट टाकली की भांडण, आणि ताऱ्याचं बोट टाकलं की लोकशाहीचा उत्सव. रांग तीच! एजन्सीची चौकट माईक कुणापुढे धरला यात आहे, माईकवर काय बोललं गेलं यात नाही.

म्हणून शीटमध्ये दोन वेगळे रकाने करा: बोलणाऱ्याने काय मांडलं, आणि एजन्सीने काय केलं. दुसऱ्यात निवड, क्रम, कुणाच्या नावापुढे ‘म्हणाले’ आणि कुणाच्या पुढे ‘आरोप केला’, समोरच्याचं उत्तर त्याच पोस्टमध्ये आहे की नाही. त्याच पोस्ट वेगळ्याने नोंदवणाऱ्या दुसऱ्या कोडरशी सुरुवातीला अजिबात जुळणार नाही, कप्पा (दोघांच्या नोंदी किती जुळतात त्याचा आकडा) लाजिरवाणा येईल. घाबरू नका, व्याख्या घासल्या की येतो वर.

4 जूनला, निकालाच्या दिवशी, मात्र एजन्सी स्वतः बोलते, कारण आकडे कुणाच्या तोंडचे नसतात. भाजप 240. हाच आकडा ‘303 वरून घसरण’ होतो, ‘बहुमताच्या 272 पेक्षा कमी’ होतो किंवा ‘सर्वांत मोठा पक्ष’ होतो. महाराष्ट्रात महाविकास आघाडीच्या 30 जागा वर ठेवायच्या की भाजपचं 23 वरून 9 वर येणं, तोही निवडीचाच भाग. नवख्याने इथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

मजकुराचा सूर आपोआप मोजणारं सेंटिमेंटचं टूल लावून रात्रीत प्रकरण उरकायचा मोह होईल. नका करू. ‘नेता रागावला’ आणि ‘एजन्सी रागावली’ यातला फरक त्याला कळत नाही. गाइडचंही तसंच: शीट न उघडता सही करणारा गोड गाइड तुम्हाला व्हायवात एकटं सोडतो. एजन्सीच्या डेस्कवर रात्रपाळी केलेला एखादा उपसंपादक गाठा. कुठली पोस्ट विचार करून गेली आणि कुठली निव्वळ घाईत, हे तो चहा संपायच्या आत सांगतो. अर्धी ‘चौकट’ घाईचीच असते, हे ऐकायची तयारी ठेवा.

डेटाचं रडगाणं सगळ्यांचंच आहे. ट्विटरची संशोधकांसाठीची मोफत सोय 2023 मध्ये गेली, फेसबुकच्या पोस्ट शोधायचं साधन क्राउडटँगल ऑगस्ट 2024 मध्ये बंद झालं. हाताने गोळा करा, प्रत्येक पोस्टचा स्क्रीनशॉट लिंकसकट ठेवा. दोन हँडल आणि एक टप्पा एवढ्यात एमएचा प्रबंध आरामात उभा राहतो. आणि कुठल्या साधनातून डेटा काढलात आणि वेळ यूटीसीत (ग्रिनिचची) आली तर ती आधी भारतीय करून घ्या, नाहीतर पहाटे साडेपाचच्या आतल्या पोस्ट आदल्या तारखेत जाऊन बसतात.