फेमिनिस्ट डिझाइन प्रोजेक्टवर वर्गातल्यांनी फीडबॅक दिलाय, आता उत्तर कसं द्यायचं?

समजा तुमचा प्रोजेक्ट कोल्हापुरी चपलेवर आहे. कोल्हापुरातल्या सुभाषनगरसारख्या भागात घरी बसून चपलेची कातड्याची वेणी घालणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बायकांसाठी कामाला बसायची एक बैठक आणि चपलेला लावायचा टॅग, ज्यावर बनवणारीचं नाव असेल. प्रोजेक्टच्या शीट भिंतीवर लागल्या, वर्गातली पोरंपोरी धडाधड बोलून मोकळी झाली, "पुरुषांचं काय?", "यात फेमिनिस्ट काय आहे?", "टॅग गुलाबी का?", आणि तुमचं डोकं तापलंय.

पहिलं म्हणजे तिथल्या तिथं उत्तर द्यायचं नाही. शेजारच्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा की कोण काय बोलतंय ते जसंच्या तसं लिही, कारण आपण स्वतः लिहायला बसलो की टोचलं तेवढंच लिहितो. तुम्ही फक्त विचारायचं, "शीटवर नेमकं कुठं वाटलं तुला हे?" बोट ठेवायला लावलं की बऱ्याच कमेंट कामाच्या निघतात.

मग संध्याकाळी डोकं थंड झाल्यावर प्रत्येक कमेंटचा प्रश्न करून लिहायचा. "पुरुषांचं काय" हे टवाळी म्हणून आलं असेलही, पण त्यात बघा काय सापडतंय: कातडं कापणारा गडी पण वाकूनच बसतो की, आणि घरात एकच चांगली बैठक आली तर ती आधी पटकावणार कोण? हा प्रश्न जाम भारी आहे, तो डिझाइनचाच प्रश्न आहे. गुलाबी रंगाला मात्र दोन मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका; गुलाबीच का, याला काही कारण असेल तर ठेवा, नसेल तर बदला.

"यात फेमिनिस्ट काय आहे" ही कमेंट सगळ्यात जास्त लागते आणि सगळ्यात जास्त उपयोगाची पण तीच. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईनं फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक छोटं किचन डिझाइन केलं, साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं, पावलं वाचावीत म्हणून सगळं हाताशी, आणि अशी सुमारे १०,००० किचन बसली. पुढं फेमिनिस्टांनीच त्यावर बोट ठेवलं की काम सोपं झालं खरं पण राहिलं बाईचंच, वर ती त्यात एकटी पडली. तुमच्या बैठकीला हेच लावून बघा. पाठदुखी कमी होईल, पण वेणीचा दर कोण ठरवतं, पैसे कुणाच्या हातात पडतात, भाकऱ्या थापून झाल्यावर रात्री वेणीला बसायचं ते सुटतंय का? एका बैठकीनं हे सगळं होत नाही, नसूदे, पण मग शीटवरचा ‘सक्षमीकरण’ हा शब्द काढा आणि बैठक काय करते नि काय करत नाही ते सरळ लिहा.

टॅगचं प्रकरण वेगळं आहे. कुणी म्हणेल, कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय (माल कुठल्या भागातला ते सांगणारी सरकारी नोंद) आहे, मग नाव कशाला? याला उत्तर तुम्हीच देऊ शकता: जीआय महाराष्ट्रातले चार नि कर्नाटकातले चार जिल्हे सांगतो, वेणी कुणी घातली ते सांगत नाही. पण "त्या बाईला नाव छापलेलं पाहिजे का?" असं कुणी विचारलं तर तुमचं मत चालत नाही, परत तिच्याकडं जावं लागतं. चपलेच्या धंद्यात आडनाव छापलं की जात पण छापली जाते, कुणाला त्याचा अभिमान असेल, कुणाला ते पोरीच्या कॉलेजपर्यंत जायला नको असेल. आणि नवरा, सासू, व्यापारी समोर असताना विचारलंत तर ती "चालतंय की" म्हणणार, संपला विषय. म्हणून तिच्या सवडीनं, एकटी असताना विचारा, हातात तीन नमुने द्या, पूर्ण नाव, नुसतं नाव आणि नुसती खूण, "कुठलाच नको" हे पण चालेल असं आधी सांगा. वर्गात त्या समाजातलं कुणी असेल तर "तूच सांग की" म्हणून सगळ्यांचं उत्तर त्याच्या गळ्यात मारू नका.

आता लेखी उत्तर. लांबलचक थँक्यू नको, कमेंट देणाऱ्याचं नाव घेऊन तीन प्रकारांत लिहा:

बदललं: "एकाच्या दोन बैठका केल्या, कारण तू विचारलंस आधी कोण बसणार."

ठेवलं: "मापं बायकांचीच घेतली, कारण मी बघितलेल्या घरांत वेणी त्याच घालतात."

अजून ठरलं नाही: "टॅगवरचं नाव, विचारून आल्यावर सांगते."

सगळंच ‘बदललं’मध्ये गेलं असेल तर तुम्ही घाबरून मान डोलावलीय, परत बघा. हे रिव्ह्यूच्या आदल्या रात्री नका पाठवू, निदान दोन दिवस आधी पाठवा म्हणजे समोरच्याला "अरे मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणायला वेळ मिळतो. आणि जुन्या शीट फाडू नका, नव्याच्या शेजारी लावा, जुरीला, म्हणजे रिव्ह्यू घेणाऱ्यांना, कुठल्या कमेंटनं काय हललं ते तिथंच दिसतं.