इंग्लंडला येणाऱ्या सिस्टर-ब्रदरांनो, सही करण्याआधी वाचा

नोकरीसाठी कुणालाही एक रुपयाही देऊ नका. परदेशी नर्सेसच्या भरतीसाठी ब्रिटिश सरकारची आचारसंहिता आहे, आणि तिच्याप्रमाणे एजन्सीने उमेदवाराकडून फी घ्यायचीच नसते. केअर वर्करची, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्यांची, परदेशातून भरती तर 22 जुलै 2025 पासून बंदच आहे. तरीही ‘केअर होमला लावून देतो’ म्हणत लाखो रुपये मागणारे आपल्याकडे फिरतायत, आणि त्यातले काही आपलेच मराठी लोक आहेत याचा मला संताप येतो. 2022 मध्ये हा रस्ता खुला झाला तेव्हा शेत गहाण टाकून आलेली पोरं मी पाहिली आहेत. इथे आल्यावर कामाचे तासच नाहीत, पुढे कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणूस कामावर ठेवायचा सरकारी परवाना) रद्द, आणि हातात पत्र: 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा. एजंट फोन उचलत नाही. पुन्हा सांगते, पैसे देऊ नका.

ऑफर लेटरमध्ये नोकरी सोडल्यास पैसे परत करायची अट असते. कोणता खर्च, किती पौंड, आणि दर महिन्याला त्यातले किती कमी होतात, हे लेखी मागा. रक्कम उतरत जात नसेल तर सही करू नका. आल्या आल्या आरसीएन किंवा युनिसन, कुठल्या तरी युनियनचं सभासदत्व घ्या.

ऑस्की, म्हणजे नर्सिंगची कामं प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा. तिचा पहिला प्रयत्न रुजू झाल्यापासून 12 आठवड्यांत द्यावा लागतो. पिन नंबर (नर्स म्हणून नोंदणी झाल्याचा क्रमांक) येईपर्यंत पगार कमीच, तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा. ऑस्कीत आपल्या मुली हुशार असूनही अडकतात, कारण त्या हात चालवतात आणि तोंड बंद ठेवतात. इथे प्रत्येक गोष्ट बोलून करायची. औषधाच्या स्टेशनला (परीक्षेतल्या औषध देण्याच्या टप्प्याला) नाव आणि जन्मतारीख पेशंटकडूनच वदवून घ्या, मनगटावरच्या पट्टीशी आणि चार्टशी ताडून पाहा, ॲलर्जी विचारा, आणि मगच गोळीला हात लावा.

वॉर्डात पेशंटजवळ नातेवाईक बसलेले नसतात. अंघोळ, भरवणं, बेडपॅन सगळं आपणच करायचं. ‘हे मावशींचं काम’ असं म्हणणारे इथे टिकत नाहीत, आणि टिकूही नयेत. कपडे बदलताना पाठीवरची लाल झालेली कातडी दिसते, बेडसोर तिथेच अडवता येतो. डॉक्टरांना नावाने हाक मारायची, आणि डोस चुकीचा वाटला तर विचारायचंच. ‘सरांनी लिहिलंय’ हे उत्तर चालत नाही, कारण औषध देणाऱ्या हाताची जबाबदारी तुमची असते.

गणपतीला महाराष्ट्र मंडळात जरूर जा. पण रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक), रजा, बँड 6 ची (वरच्या पगारश्रेणीची) तयारी यासाठी मल्याळी सिस्टर्सना विचारा. त्या एकमेकींना धरून असतात आणि विचारणाऱ्याला परत पाठवत नाहीत.

थंडीचे कपडे इथे येऊन घ्या.