जुना ट्रॅक्टर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

तापलेले इंजिन पाहून सौदा ठरवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लायनर (सिलिंडरच्या आतले नळकांडे) आणि पिस्टनवरच्या रिंगा झिजलेल्या इंजिनात थंडपणी पुरेसे कॉम्प्रेशन, म्हणजे हवेचा दाब, होत नाही, म्हणून ते सकाळी त्रास देते. तेच तापले की एका सेल्फात सुरू होते, आणि विकणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. काही वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यात मी नव्या रंगाचा एक ट्रॅक्टर पाहिला. बॉनेट गरम लागले, तरी ‘आत्ताच रानातून आलाय’ हे सांगणे मी खरे मानले आणि विसार दिला. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे तो ढकलूनही सुरू होईना. मिस्त्रींनी इंजिन खोलले, तेव्हा लायनर, पिस्टन, रिंगा सगळेच बदलावे लागले. तेव्हापासून मी न कळवता भल्या सकाळी जातो, आधी इंजिनच्या ब्लॉकवर हात ठेवून ते थंड आहे ना ते पाहतो, डिपस्टिकवरचे (ऑइल मोजायच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेले, नाही ना ते पाहतो, आणि इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचे झाकण काढून तिथून धुराचा फुगारा येतो का हे तपासतो. रंगाकडे मी शेवटी पाहतो.

दुसरी चूक घेतल्यानंतरची. मॅसी १०३५, एचएमटी २५११ यांसारख्या जुन्या ट्रॅक्टरांना ऑइल बाथ एअर क्लीनर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेतली धूळ ऑइलमध्ये धरणारा फिल्टर, असतो आणि त्याच्या वाटीकडे नवखे लोक कित्येक महिने पाहतच नाहीत. उन्हाळ्यात कोरड्या रानात काम करताना मी ती रोज संध्याकाळी उघडतो. तळाला गाळ बसला असेल, तर वाटी डिझेलने धुऊन खुणेपर्यंत नवे ऑइल भरतो. हे पाच मिनिटांचे काम टाळले, की धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि वर सांगितलेली झीज तिथूनच सुरू होते.

टाकी कोरडी पडल्यावर सेल्फ मारत राहू नये. आत शिरलेली हवा काढण्यासाठी डिझेल फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबल्यावर तो आवळावा. इंजिन सुरू होईना म्हणून एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची घाई तर मला अजिबात मान्य नाही. पस्तीस एचपीच्या जुन्या इंजिनामागे सहा फुटी रोटाव्हेटर जोडू नये.

कागदांची घाईही तितकीच वाईट. आरसी बुकातील चेसिस व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष जुळवावेत, पंधरा वर्षांनंतरचे नोंदणी नूतनीकरण झाले आहे का ते पाहावे, आणि बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा उतरल्याशिवाय, मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्या तरी, उरलेली रक्कम देऊ नये.