अमेरिकेचा पश्चिमविस्तार लिहिताना या चुका टाळा

परीक्षेत जागतिक इतिहासाच्या पेपरात अमेरिकेच्या पश्चिमविस्ताराचा प्रश्न आला की बहुतेकांना रंगीत नकाशा आठवतो: लुइझियाना १८०३, फ्लोरिडा १८१९, टेक्सस १८४५, ऑरेगन १८४६, मेक्सिकोचा मुलूख १८४८. सनावळी तोंडपाठ असते. त्या रंगांखाली आधी कोण राहत होतं, हे मात्र उत्तरात येत नाही. मार्क तिथेच जातात.

सर्वात जास्त घोळ लुइझियानाच्या व्यवहारात होतो. ‘राष्ट्राध्यक्ष जेफर्सनने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला जमीन विकत घेतली’ एवढं लिहून लोक पुढे सरकतात. पण मिसिसिपीपासून रॉकी पर्वतापर्यंतच्या या मुलखात ओसेज, पॉनी, सू अशा जमाती नांदत होत्या, आणि युरोपीय सत्ता न्यू ऑर्लिन्स व मोजक्या वस्त्यांपलीकडे कागदावरच होती. अमेरिकेच्या हाती आला तो इतर युरोपीय सत्तांना बाजूला सारून या जमातींकडून जमीन घेण्याचा हक्क. प्रत्यक्ष जमीन पुढची कित्येक दशकं करार करून, धाकदपटशाने किंवा लढून काढून घेतली गेली. जेफर्सनच्या दूरदृष्टीचे गोडवेही जरा आवरते घ्या. त्याने माणसं पाठवली होती ती न्यू ऑर्लिन्स बंदर आणि फ्लोरिडाच्या पट्ट्यासाठी. सगळा मुलूख विकायला काढला नेपोलियनने, कारण हैती या फ्रेंच वसाहतीत गुलामांचा उठाव आणि पिवळा ताप यांच्यापुढे त्याची फौज गारद झाली होती. साखरेचं बेट हातचं गेल्यावर त्या बेटाला रसद पुरवणारा मुलूख सांभाळून करायचं काय? त्यात इंग्लंडशी युद्ध तोंडावर आलेलं. हैतीचा उल्लेख नसलेलं उत्तर अर्धवटच.

दुसरी गोची सिनेमात पाहिलेल्या चित्राची. पश्चिमेकडे वस्तीला निघालेल्यांच्या, ऑरेगनच्या वाटेवरच्या गाड्या घोडे नव्हे, बहुतांशी बैल ओढत. ते घोड्यांपेक्षा स्वस्त आणि वाटेतल्या गवतावर निभावणारे. माणसं सुमारे ३,२०० किलोमीटर बरीचशी पायीच चालत. जमातींच्या हल्ल्यांपेक्षा कितीतरी जास्त बळी रोगराईने, विशेषतः कॉलऱ्याने घेतले.

जॉर्जिया भागातल्या चेरोकी जमातीला ‘मागासलेली’ म्हणून मोकळं होऊ नका. त्यांच्यातल्याच सिक्वोयाने घडवलेली लिपी, १८२७ ची लेखी राज्यघटना, १८२८ पासून स्वतःचं वृत्तपत्र, हे सगळं त्यांच्याकडे होतं. त्यांच्यातल्या श्रीमंतांकडे गुलामही होते, तेही लिहा. जमातींना मिसिसिपीपलीकडे हटवण्याच्या १८३० च्या कायद्यानंतर, १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाचे कायदे चेरोकी भूमीत चालणार नाहीत, असा निकाल दिला. तरीही १८३८ मध्ये लष्कर लावून त्यांना बाहेर काढलंच. सुमारे १६ हजारांपैकी चारेक हजार दगावले, असा नेहमीचा अंदाज आहे.

मेक्सिकोशी युद्ध सोन्यासाठी झालं, हे तर सपशेल चूक. युद्ध १८४६ चं. कॅलिफोर्नियात सटरच्या गिरणीपाशी सोनं दिसलं २४ जानेवारी १८४८ ला आणि तह झाला २ फेब्रुवारीला. सह्या करणाऱ्यांना सोन्याचा पत्ताही नव्हता. गुलामगिरीही यादवी युद्धाच्या प्रकरणासाठी राखून ठेवू नका. नवं राज्य गुलामीचं की मुक्त, हा वाद १८२० च्या मिसुरी तडजोडीपासून (मिसुरी गुलामीचं, मेन मुक्त राज्य म्हणून घेण्याचा समझोता) पेटलेलाच होता.

वेळ अपुरा असेल तर अलास्का आणि गॅड्सडेन (मेक्सिकोकडून नंतर विकत घेतलेला छोटा पट्टा) खुशाल गाळा, पण १७८७ चा वायव्य अध्यादेश गाळू नका. ६० हजार मुक्त रहिवासी झाले की नव्या प्रदेशाला जुन्या राज्यांच्या बरोबरीने संघात घ्यायचं, हे त्यात ठरलं आणि ओहायो १८०३ मध्ये याच वाटेने राज्य झालं.